अकरा वर्षांची आमटी

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. पानावर बसलेला माणूस नेमकं काय जेवतो? भात? आमटी? की समोरच्या माणसाचे श्रम? हसू नका – मी ही हकिगत पहिल्यांदा ऐकली, तेव्हा माझ्या हातातली चिपळी हातातच राहिली होती!

देवरुखाजवळच्या एका गावात नरहरपंत आठल्ये नावाचे गृहस्थ राहत. कचेरीतून निवृत्त झालेले. पण जीभ? ती काही निवृत्त झाली नव्हती! पंचक्रोशीत लग्न असो, मुंज असो, आचारी आधी पंतांना बोलावणार. पंत एक घोट आमटी घेणार, डोळे मिटणार आणि निकाल देणार. गूळ नवा की जुना, तेवढ्यावर सांगत. काय ही विद्या!

आणि घरी? घरी मनोरमाबाई. रोज पान वाढायच्या आणि दाराशी उभ्या राहायच्या. पंत पहिला घास घेत आणि सुरू होत – मीठ पाव चिमूट कमी, आमसूल एक जास्त. दुसऱ्या दिवशी तेवढंच मीठ वाढायचं, तेवढंच आमसूल कमी व्हायचं. पंतांना वाटे, बायकोला आपण घडवलं!

एकदा पंत दोन दिवस मुंजीला परगावी गेले. तिसऱ्या दिवशी यायचे ते दुसऱ्याच दिवशी दुपारी परतले. पाय धुतले, स्वयंपाकघरात डोकावले. बाई एकट्या जेवत बसलेल्या. भात आणि आदल्या दिवशीची आमटी. आणि मंडळी, त्या आमटीचा वास दारापर्यंत आलेला! आंबूस. वर फेस. बाई मात्र शांतपणे भुरका मारतायत!

"अगं, विटलीय ती आमटी!" पंत म्हणाले.

बाईंनी वाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "हो का?" म्हणाल्या आणि वाटी बाजूला ठेवली.

पंतांनी खोदून विचारलं, तेव्हा हळूहळू बाहेर पडलं. धाकट्या लेकीच्या बाळंतपणानंतर बाईंना मोठा ताप आला होता. तो उतरला, पण जाताना वास घेऊन गेला, चवही घेऊन गेला. त्याला अकरा वर्षं झाली. अकरा! आणि नैवेद्याआधी चाखायचं नाही हा घरचा नियम, त्यामुळे कुणाला शंकासुद्धा आली नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला बसले होते एकदा. तेव्हा तुम्ही म्हणालात, आज आमसूल जास्त झालंय."

आता बोला! पंत पाट ओढून बाईंसमोर बसले. त्यांनी विचारलं, मग इतकी वर्षं स्वयंपाक केलास कसा?

"तुम्ही बोलायच्या आधीच तुमच्या तोंडाकडे बघून. डावी भुवई वर गेली की मीठ कमी. ओठ मुडपलेत की आंबट जास्त."

मंडळी, गावभरच्या पंगतींचा निकाल देणारा हा माणूस! गुळाचं वय सांगणारा! आणि हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या बाईच्या तोंडात अकरा वर्षं नुसती माती, हे त्याला कळलं नाही! कसली जीभ म्हणायची ही?

दुसऱ्या दिवशीपासून पंतांनी दोन पानं शेजारी मांडायला लावली. बाई संकोचल्या, पण बसल्या. पंत घास घेऊन चव सांगू लागले. एकदा कैरीची आमटी होती. पंत म्हणाले, "वा, झकास जमलीय! कैरी कोवळी आहे, आधी आंबट लागते, मागून गूळ येतो."

बाई म्हणाल्या, "मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नका. कैरी पाडाला आली होती, मीच चिरलीय." आणि हसल्या. लग्नानंतर एवढ्या मोठ्याने पहिल्यांदाच.

चव परत आली नाही, बरं का. वैद्य झाले, डॉक्टर झाले, नाही आली. पण त्या दिवसापासून पंत शेवटपर्यंत खरी चव सांगत राहिले आणि बाई ऐकत जेवत राहिल्या.

आता माझ्याकडे नाही, स्वतःच्या घराकडे बघा. तुमच्या घरात जी रांधते, तिला स्वतःला काय आवडतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हात वर करा. …एवढेच? पुढच्या रांगेतले आबा, तुमचा हात अर्ध्यावरच का थांबला? काकू शेजारीच बसल्यात – विचारा की! आम्ही थांबतो. नामाचा गजर तुमच्या उत्तरानंतर करू.