हँडल कुणी फिरवलं

तिथे नको ठेवूस तो कागद, तेल आहे तिथे. इकडे स्टुलावर ठेव. करतो गं सही, कुठे पळून चाललोय मी? बस की, मारिसेला. त्या खुर्चीत नको — बरं, बस, तुझा बापही त्याच खुर्चीत बसायचा. कॉफी? नको? मी आपली दोघांपुरती करून ठेवलीय, सवयीने. तर एवढंच लिहायचं ना — की तुझ्या बापाने, एलॉय आर्चुलेटाने, जाण्याआधी हा भाग स्वतःच्या हातांनी, स्वतःसाठी बनवला, आणि मी, रूडी पेर्को, तेव्हा समोर होतो? मग बंदुकांचा दुकानवाला त्यावर नंबर कोरणार आणि तो तुझ्याकडे राहणार. नाही लिहिलं तर बिननंबरी म्हणून पोलिसांत जमा करायचा. आणि तुझ्या वकीलबाई म्हणतात खरं तेच लिहा. म्हणणारच. त्यांचं काय जातंय?

दिसायला काय आहे? हातात मावणारा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. नळी नाही, दस्ता नाही, पण घोडा याच्यात बसतो, म्हणून कायद्याच्या लेखी हीच बंदूक. माझ्या गॅरेजमधल्या या धातू कापायच्या मशीनचा नियम ठाऊक आहे ना सगळ्या प्वेब्लो गावाला — मशीन माझं, हँडल तुमचं. स्वतःसाठी करणाऱ्याला परवाना लागत नाही. दुसऱ्यासाठी केलंत की तुम्ही कारखानदार, आणि परवाना नसला तर गुन्हेगार. मागच्या गल्लीतला ड्वेन बीअरचे बारा कॅन घेऊन आला, म्हणाला, ‘तूच करून टाक की रे.’ मी म्हटलं, ‘कॅन ठेव आणि हँडल धर.’ तीस वर्षं पोलाद कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये काढली मी, नियम म्हणजे नियम. एलॉयनेही धरलं हँडल. धरलं म्हणजे — पहिल्या दिवशी धरलं. त्याचे हात किती थरथरायचे ते तू पाहिलंसच, मी कप अर्धाच भरायचो त्याचा. कटर लागला आणि हात असा झाला — एक अख्खा तुकडा वाया. मग म्हणाला, ‘रूडी, तुझा हात माझ्या हातावर ठेव.’ ठेवला. आता एका हँडलवर दोन हात असले, तर बनवलं कुणी? वरच्याने की खालच्याने? विचार वकीलबाईंना. मी म्हणतो खालच्याने. म्हणून तर सही करतो म्हटलं.

पुढच्या शनिवारी? पुढच्या शनिवारीही तसंच. तो सांगायचा, मी — म्हणजे आम्ही — ‘जरा डावीकडे घे,’ म्हणायचा, ‘क्रेन चालवताना मी याहून नाजूक काम केलंय, म्हाताऱ्या.’ बसल्या बसल्या टोमणे मारायचा. हो. बसल्या बसल्या. काय बघतेस? खुर्ची मशीनपासून किती लांब आहे ते दिसतंय मलाही.

थांब, कागद घेऊ नकोस. ऐक आधी. माझी बायको बर्था गेल्यापासून या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज म्हणजे तोच. यायचा, भाजलेल्या हिरव्या मिरच्यांची पिशवी तिथे टांगायचा, माझ्या रेडिओला नावं ठेवायचा. अकरा शनिवार. याला अकरा शनिवार लागतात का? मला? एका दिवसाचं काम गं. मी थोडं करायचो, मग मोजत बसायचो, मग म्हणायचो, ‘आज धार नीट नाही, पुढच्या शनिवारी बघू.’ झालं असतं तर कशाला आला असता तो?

काय म्हणालीस? डेन्व्हरला? तुझ्या पोराच्या फुटबॉलच्या सामन्यांना — दर शनिवारी बोलवायचीस तू त्याला? आणि तो सांगायचा, रूडीकडे काम अडलंय? मला नाही ठाऊक. मला त्याने कधी — एकदा म्हणाला होता. एकदाच. ‘लेक बोलावतेय, नातवाला पाहून बरेच दिवस झाले.’ मी म्हटलं, ‘अर्धवट सोडून जाणार का?’ तर राहिला. आणि नंतर त्याला तेवढे शनिवारच उरले नाहीत.

दे तो कागद. पेन आहे माझ्याकडे. हे छापलेलं खोडतो. ‘हा भाग मी, रूडी पेर्को याने बनवला, दुसऱ्यासाठी, परवाना नसताना. एलॉयने एकदाच हँडल धरलं, तो तुकडा वाया गेला.’ ही सही. तुझ्या हातून हा भाग जाणार, माहीत आहे मला. बापाचं काम म्हणून जपायचं होतं तुला, पण त्याच्या हातचं त्यात काही नाही, पोरी, आणि खोटं घेऊन तू किती वर्षं बसणार? पोलिसांना काही विचारायचंच असलं तर मी घरीच असतो. दुसरीकडे कुठे जाणार?

नको, बोलू नकोस काही. रडायचं तर गाडीत रड. आज पोराचा सामना किती वाजता आहे? मग अजून बसलीस काय — आत्ता निघालीस तर निम्मा तरी मिळेल. ऊठ.