मामांनी शेवट सांगितला नाही

हल्ली काय बघू, असं मला कुणी विचारलं की मी एकच कोरियन मालिका सांगते. सटाण्याच्या मामांनाही सांगितली, तिथेच चुकलं. कांद्याच्या लिलावासाठी ट्रॅक्टरच्या रांगेत बसल्या बसल्या त्यांनी माझ्याआधी शेवटचा भाग गाठला. मी इथून नाशिकहून घाबरून फोन केला.

"मामा, माझा एकच भाग उरलाय. शेवट सांगायचा नाही."

"नाय सांगत, पोरी. रांगेतले आम्ही चौघं एकाच मोबाइलवर बघत होतो."

"बरं, मग?"

"मग काय, व्यापारी आला आणि आमच्याकडे बघतच राहिला. म्हणे, मी अजून भाव पुकारलाच नाय, तुम्ही आत्तापासून काय रडताय?"