खाल्लेलं जातं कुठे?

नाही, पण मला सांगा, माणसाने खायचं तरी किती? अं? सकाळी चार अंडी, दोन केळी, पेलाभर दूध... आणि दहा वाजता मी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात कठडा धरून बसलेला, आणि काठी टेकत एक आजोबा मला ओलांडून वर जातायत! मग खाल्लेलं जातं कुठे?

धंदा माझा लिफ्टदुरुस्तीचा. आता तुम्हाला सांगतो, लिफ्ट चालू असताना लिफ्टवाल्याला कुत्रं विचारत नाही. बंद पडली की बोलावणार, आणि मोटर कुठे? पार वर, गच्चीवर! म्हणजे जन्म गेला लिफ्टमध्ये, आणि चढलो सगळा जिन्याने! साहेब म्हणाले, "अहो, आठव्या मजल्यावर जायला तास? वाटेत संसार मांडला होतात काय?" ताई म्हणाली, "तू नीट खात नाहीस रे!" आणि लोणी चोपडायला लागली. झालं काय? वजन वाढलं! जिने तेच, वर पोटावर बांधलेला डबा! आणि बाबा... बाबांचं ठरलेलं, "आईवर गेलाय. आळशी!"

कारण आमची आईसुद्धा अशीच हो. भाजी चिरता चिरता भिंतीला टेकणार, जिन्यात मधेच बसणार. बाबांनी नावच पाडलेलं, बसकणबाई. पाहुण्यांसमोरसुद्धा! ती नुसती हसायची.

मग एक दिवस हातातला पाना सुटला. हातात जोरच नाही! पाना खाली, धाडकन लिफ्टच्या टपावर, आणि आत अडकलेल्या बाई अशा किंचाळल्या... साहेब म्हणाले, "आधी डॉक्टरला दाखवा, मग कामावर या."

डॉक्टरीणबाईंनी मांडीतला स्नायूचा तुकडा काढून तपासला. म्हणाल्या, "खाल्लेलं पचून त्याची साखर होते, ती रक्तातून पेशीपेशीत पोचते. पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक भट्ट्या असतात. श्वासातला ऑक्सिजन घेऊन त्या अन्न हळूहळू जाळतात आणि निघालेली ताकद एटीपी नावाच्या रेणूत भरतात. स्नायू हलतो तो त्या एटीपीवर. अंड्यावर नाही!"

म्हटलं, "आणि माझं?"

"तुमच्या बऱ्याच भट्ट्या अधू आहेत. साखर अर्धवट मोडते, उरलेल्याचं आम्ल होतं, पाय भरून येतात."

"म्हणजे... मी आळशी नाही?"

"अजिबात नाही."

रडू आलं हो! खाल्लेलं जातं कुठे, ते तरी कळलं. म्हटलं, औषध? "खात्रीचं नाही. जपायचं. जिने बंद." अहो बाई, मी लिफ्टवाला! "मग लिफ्टने जा," म्हणाल्या. आणि मी दाराशी पोचलो तशी म्हणतात, "ताईला आणि आईला घेऊन या. या भट्ट्या फक्त आईकडून येतात."

रात्री जेवताना सांगितलं. बाबांचा चमचा तोंडापाशीच थांबला. मला वाटलं आई म्हणेल, बघा, मी सांगत होते! ती म्हणाली, "माझ्याकडून आलं का रे तुला?" अगं, तू काय मुद्दाम दिलंस? तर ती ताटाकडे बघत, अगदी हळू... "इतकी वर्षं मलाही वाटायचं रे, मीच आळशी."

बाबांनी चमचा तसाच ताटात ठेवला.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. हसू नका! दुसऱ्या दिवशी बाबांनी घरातली खुर्ची उचलली, धापा टाकत दोन मजले खाली नेली आणि जिन्याच्या वळणावर ठेवली. माझं चुकलं बिकलं काही म्हणाले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, "इथे बसत जा. मग वर ये."

मला साहेबांनी फोनवर बसवलंय, तक्रारी ऐकायला. ताईचंही तेच निघालं. आता काल काय झालं, खुर्चीत आई, पायरीवर ताई, आणि मागून मी, पाय शिशाचे झालेले. "आई, उठतेस का गं?" "आत्ता तर बसलेय रे!" वर ओरडलो, "बाबा, आणखी एक खुर्ची आणा!" वरून आवाज, "आणतो रे... आधीची नेल्यापासून कंबर धरलीय, जरा दम तर खाऊ दे!"

खा म्हटलं, बाबा, खा. दम खायला भट्टी लागत नाही.