सायकलीमागची फांदी

घ्या चहा, सांगतो. रामाप्पामामा बेळगावात सायकलीच्या शर्यती जिंकायचा. पाय मोडल्यावर गावी आला नि माझ्या थोरल्या भावाला, सोमाला, शिकवू लागला. शर्यतीच्या सायकलीला ब्रेक नसायचा. सोमा कारवारच्या शर्यतीला निघाला, तेव्हा अणशी घाट उतरताना वेग आवरायला मामानं उतारावर बैलगाडीला बांधतात तशी जड फांदी सायकलीमागं बांधून दिली.

वाटेत गाडीवान हसले, "सोमा, बैल कुठं हायत रं?"

सोमा लाजला. पहिल्याच वळणावर त्यानं फांदी सोडून टाकली. दरीतनं त्याचा देहच वर आणला आम्ही.

पुढं मामा सायकल हातानं धरून घाट उतरायचा, तरी मागं फांदी असायचीच.

"मामा, आता कशाला?"

"गाठ मारून बघतो. त्याच्या हातानं सुटली, म्हंजे माझीच सैल हुती रं."