वाकळंत शिवलेली मशेरी

आता हासतायसा व्हय गं? तवा माजं हातपाय गार पडलं हुतं!

माजी नात वैशी कापडाच्या फॅशनीचं शिक्षान घ्यायला लंडनला निघाली. मी दाताला भाजक्या तंबाकूची मशेरी लावते, त्याला ती लय नाकं मुरडायची. म्हनून चेष्टंनं मी तिच्या वाकळंत मशेरीची पुडी शिवली. दुसऱ्या दिशी शेजारच्या सुभेदाराच्या फोनवर वैशी रडत हुती.

"आज्जे, वाकळंत काय शिवलंयस? लंडनच्या इमानतळावर पोलिसांनी उसवली, काळी पूड घावली. म्हनत्यात, माघारी धाडनार!"

पोरीचं सगळं शिक्षान माज्या चार टाक्यांनी बुडत हुतं.

"आगं, मशेरी हाय म्हनून सांग त्येस्नी."

"सांगितलं. कुनाचा इस्वास बसंना."

"मग दाताला लावून दाव की!"

"मी?"

"मग काय मी यिऊ तितं?"

तिनं फोन बाजूला ठिवला. मी कानाला धरून बसले. लय येळ कायबी ऐकू यीना. सुभेदारीन म्हनली, "आवं मावशी, फोन तुटला का काय?"

मग वैशीचा बारीक आवाज आला. "आज्जे, सोडलं गं मला. मी दाताला लावली तसा सायेब हासला. पन माजं डोकं लय गरगरतंय."

म्या म्हनलं, "भवाने, गिळू नगंस, आदी थुक!"