या खेपेला मी वाचलो

नाय, मरायला माझी ना नाय हो... पण माणसाला आधी सांगावं तरी. तुम्हाला सांगतो, आठ वर्षांत मी सहा वेळा मेलो, आणि कशानं मेलो ते सहाही वेळा मला दुसऱ्याकडून कळलं. आमचा शेजारी सदू महाडच्या बाजाराला जातो, तिथं दिवाळीनंतर नदीकाठी सिनेमाचा तंबू लागतो, तो बघून हा दुसऱ्या दिवशी पोलादपूरवरून वर चढून येतो, माझ्या ओटीवर बसतो, पाणी पितो, तोंड पुसतो आणि म्हणतो, "कोंडाजी, या खेपेला तुम्हाला नाग डसला." आणि मी आपला इथं जिवंत... दोर वळत बसलेला.

झालं काय, माझी बायको सिनेमात काम करते. हिरोईन नाय, चाळिशी ओलांडल्यावर गेली ती. तिचा भाऊ चांगू मुंबईला गिरणीत, त्याच्या बायकोचं बाळंतपण करायला म्हणून गेली, दोन महिन्यांसाठी. चाळीत शेजारी एक सुतार, स्टुडिओत खोट्या भिंती ठोकणारा. त्याच्या साहेबाला एक खेड्यातली बाई पाहिजे होती, मढ्यापाशी बसून रडायला. शहरातल्या बायका म्हणे रडतात झकास, पण नाकाला पदर लावत नायत. ही बसली आणि अशी रडली की साहेब म्हणाला, बाई, उद्या परत या. तो उद्या काय अजून संपला नाय.

आता हिचं रडणं पाहिजे म्हणजे दर खेपेला कुणीतरी मेलं पाहिजे, आणि मरायला नवऱ्याइतका सोयीचा माणूस दुसरा कोण? मग मी तापानं गेलो. नागानं गेलो. बैलानं शिंगावर घेतलं. पुरात वाहून गेलो. लढाईत गेलो, आता मी महाडच्या पलीकडं पाय ठेवलेला नाय, मला कोण लढाईला नेतो? आणि एकदा तर दारूनं गेलो. मी, ज्यानं कधी तपकीर नाकाला लावली नाय. दुसऱ्या दिवशी आमच्या आळीतल्या ठकूबाईनं मला विहिरीवर गाठलं, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "भावजी, कुठनं आणता हो?"

पहिल्या खेपेला तिचं पत्र आलं होतं, चांगूनं लिहिलेलं. मला अक्षर येत नाय, शाळेतले गुरुजी वाचून दाखवतात. त्यात होतं, कुंकू पुसायला सांगतात, मी पुसत नाही म्हणून काम अडलं आहे, तुम्ही म्हणाल तसं. गुरुजी वाचता वाचता थांबले. नवरा समोर बसलेला, आणि असलं पत्र वाचायचं कसं? मीच म्हटलं, लिहा, पूस, पण काम झालं की तिथंच परत लाव, बिऱ्हाडी जाईपर्यंत थांबू नको. गुरुजी म्हणाले, आणखी काही लिहू? आणखी काय... म्हटलं, म्हैस व्याली म्हणून लिहा.

तिनं लावलं असेल हो परत. पण लोकांनी पुसलेलं बघितलं, लावलेलं कुणी बघितलं?

गौरीला येते ती, तीन दिवस. एका वर्षी ठकूबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन बायकांच्या ओळीतनं चालली, हिच्यापुढं आली आणि बाईचा हात थांबला. तिनं चैत्रात तंबूत हिला बांगड्या फोडताना बघितलेलं. ही मान खाली घालून बसलेली. मग मी ओटीवरून खोकलो. कुणी हलेना. आणखी एकदा खोकलो, जरा मोठ्यानं. तेव्हा कुठं कुंकू लागलं. आणि मी आपला जिवंत... खोकून सांगायची पाळी.

मी तंबूत कधी गेलो नव्हतो. आपलंच मरण बघायला कोण जातो? पण एकदा घर अगदी खायला उठलं, म्हणून सदूबरोबर गेलो. पडद्यावर ती एवढी मोठी... माझ्या छपरापेक्षा मोठी. कुणी एक दाढीवाला आडवा पडलेला, तो मी. आणि ती रडायला लागली. तुम्हाला सांगतो, आयुष्यात मी तिला नावानं हाक मारलेली नाय, आमच्यात 'अगो' म्हणतात, तेवढ्यावर संसार झाला. पण ती थांबेचना, आणि मला कळायच्या आत मी उभा राहिलो होतो आणि म्हणत होतो, "बनू, रडू नको गो. मी हाय इथं."

तंबू हसला. मागून कुणी म्हणालं, "बसा बाबा, तुम्ही मेलात."

बसलो.

त्या गौरीला मी तिला म्हटलं, आता पुरं कर. ती तांदळाचं पीठ मळत होती, मान वर न करता म्हणाली, "एक काम नवरा जिता असलेलं करू दे. लोकांना तुम्ही जिते दिसू दे. मग येते." मी मानलं. वाट बघत राहिलो, तिची नाय हो... माझीच, मी कधी वाचतोय त्याची.

आणि माघात सदू घाटातली वळणं सोडून आडवाटेनं धापा टाकत वर आला. म्हणाला, "कोंडाजी, या खेपेला तुम्ही वाचलात. पार शेवटपर्यंत." ठकूबाईनं गूळ वाटला. मी धुतलेलं धोतर नेसलो, महाडला उतरलो आणि तंबूत अगदी पुढं जाऊन बसलो. म्हटलं, बघू दे लोकांना.

पडद्यावर मी म्हणजे एक गोरा माणूस, पोट सुटलेला, बारीक मिशीचा. पाटावर बसला. हिच्या कपाळाला हे एवढं कुंकू, आणि ही त्याला भाकरी वाढते, वारा घालते. तो म्हणतो, आमटीत मीठ नाही. आणि ही तोंडाला पदर लावून हसली. ते हसणं मी ओळखतो हो. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी शेणात घसरून पडलो होतो, तेव्हा हसली होती, तेच. मला वाटलं होतं, ती ते विसरली. सदूनं कोपर मारलं, म्हणाला, "बघा, किती सुखात हाय तुम्ही." आणि मी आपला इथं जिवंत... सकाळी माझ्याच हातची भाकरी खाऊन आलेला, एका अंगानं करपलेली.

तरी म्हटलं, आता येईल, बोललीय ती. मग पत्र आलं. ते चित्र चाललं म्हणे. लोकांना तिचं हसणं आवडलं, जित्या नवऱ्याची आणखी तीन कामं आली आहेत, आता कशी निघू, तुम्ही म्हणाल तसं.

तुम्ही म्हणाल तसं... 'ये' म्हटलं असतं तर ती आली असती, हे मला ठाऊक हाय. आली असती आणि चुलीपाशी बसली असती, मान खाली घालून. हसली असती का, ते मला सांगता येत नाय.

मग गुरुजींना म्हटलं, लिहा, कामं कर, जिवाला जप. आणि साहेबाला एवढं सांग, जमलं तर एखाद्या कामात मला पुन्हा मारा. जिवंत राहून बघितलं... मला नाय मानवत.