दट्ट्याचे तीन पट्टे

हॅलो? … हो, उन्नती, बोल.

दुकानातच आहे, सदरला. … टेम्पो ना? येऊन गेला. … हो, गेला. … नाही, मशीन इथंच आहे. रिकामा गेला.

मीच परत पाठवला.

अगं… हो, हो… अगं ऐक ना. आधी ऐक, मग रागव. तू काय म्हणाली होतीस? शनिवारी दुपारपर्यंत चालू झालं तर राहू दे, नाही तर पुण्याला पाठव. म्हणाली होतीस की नाही? … मग. आज शनिवार. आत्ता साडेअकरा वाजलेत. आणि बाबांचं मशीन चालू आहे.

… हो, चालू.

चालू म्हणजे चालू. पाणी तापलं, वाफ धरली. दांडा खाली ओढला की आपला आपण वर जातो आणि खाली कॉफी पडते. … दाट. वर साय धरल्यासारखी.

नाही, सापडला नाही. नवा केला. … दट्ट्या गं. दांड्याच्या खाली असतो तो, पितळेचा, मुठीएवढा. तो पाणी दाबतो. त्याच्याशिवाय ते मशीन म्हणजे नुसतं कपाट. … तेच म्हणते मी, तुझ्या त्या पुणेकरांना कपाटच हवं होतं. बंगल्यात शोभेला ठेवायचं, वर कुंडी.

… कंपनीनं नाहीच म्हटलं. इटलीहून दोन ओळी आल्या. फार सभ्य. हे मशीन बनवणं बंद करून आम्हाला चाळीस वर्षं झाली, सुटे भाग नाहीत, आणि आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. … हो, लिहिलं होतं मी. बाबा गेले म्हणून. काहून लिहिलं, माहीत नाही.

मग हिंगण्याला गेले. चंपतराव आहेत ना, लेथवाले. … तेच, बाबांच्या तेराव्याला आले होते, पांढऱ्या मिशांचे. त्यांना म्हटलं, दट्ट्या हरवलाय, नवा करून द्या. म्हणाले, नमुना द्या. म्हटलं, नमुनाच हरवलाय. तर म्हणतात, "मंग का मी हवा पाहून बनवू, ताई?"

… हस, हस. मला तेव्हा हसू आलं नव्हतं.

जाडी सोपी होती. तो ज्या नळकांड्यात फिरतो ते आहे, त्याचं भोक मोजलं. अडलं ते खाचांवर. दट्ट्याला गोल तीन खाचा असतात. प्रत्येकीत एक रबरी वायसर. खाच जरा वर-खाली झाली की पाणी नको तिथून येतं. … आलं ना. पहिला दट्ट्या बसवला तेव्हा छताला लागलं. दुसऱ्या वेळी चंपतरावांच्या चष्म्यावर. चष्मा पुसत म्हणाले, "मधुकरभाऊ वरतून हासून राहिले असतीन."

… तेच सांगतेय. खाचांचं माप. तुला खंडेनवमीची वही आठवते? … तीच, लाल पुठ्ठ्याची. … बरोबर. बाबा दट्ट्या काढायचे, वायसर उतरवायचे, चिंचेनं घासून लख्ख करायचे, ओल्या कुंकवात बुडवायचे आणि पानावर लाटण्यासारखा फिरवायचे. मग तो रात्रभर देवघरात. लोक अवजारांना हळदकुंकू वाहतात, बाबा अवजाराची सही घ्यायचे.

आता डोळ्यांसमोर आण. सगळं पान लाल, पण जिथं खाच आहे तिथं कुंकू लागत नाही. कोरा पट्टा राहतो. असे तीन पट्टे. म्हणजे मापच झालं की, दरवर्षीचं. … मलाही नाही सुचलं. तीन आठवडे ती वही उशाशी होती.

… नाही, वही होती तरी दोन दट्टे फुकट गेले. चूक माझी. मी शेवटचंच पान धरून बसले. … गेल्याच्या आदल्या दसऱ्याचं. तेव्हा त्यांचा हात थरथरायला लागला होता. तिरपा फिरलाय तो. पट्टे एकीकडं रुंद, एकीकडं बारीक, मधेच कुंकू ओघळलंय. चंपतराव पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "ताई, जुनं पान दाखवा." मी म्हटलं, नाही, हेच बरोबर आहे, यावरूनच करा.

… हो. शेवटचं होतं ना.

काही नाही. पाणी पितेय. बोल… नाही, मीच बोलते.

परवा, गुरुवारी, छताला दुसऱ्यांदा पाणी लागू नये म्हणून वही पहिल्यापासून उलटली. तीसेक पानं. सगळी कुठे ना कुठे हललेली. बाबांना घाईच असायची, दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं. एकच पान सरळ. इतकं सरळ, की पट्ट्यांच्या कडा ब्लेडनं कापल्यासारख्या. आणि खाली आईच्या अक्षरात एक ओळ.

"उन्नतीने फिरवला. वय वर्षे सात."

… हो. तूच.

नाही आठवत? मला आठवतं. तुला स्टुलावर उभं केलं होतं. तू जीभ बाहेर काढून फिरवत होतीस, आणि मी रुसून न्हाणीघरात जाऊन बसले होते, कारण मोठी मी आणि मान तुला. … आहेच माझ्या लक्षात. राहणारच.

चंपतरावांनी मोजलं. तिन्ही पट्टे, दोन्ही टोकांना. केसाचा फरक नाही. चष्मा वर करून मला विचारतात, "कोन्त्या मिस्त्रीनं काढलं हे?" म्हटलं, माझी धाकटी बहीण, दुसरीत होती. म्हणाले, "त्या पोरीले माह्याकडं कामाले धाडा."

… उन्नती?

… माहीत आहे. … अगं, माहीत आहे मला. तेव्हापासूनच माहीत आहे. बाबा गेल्यावर देवघर आवरलंस आणि पितळेचं सगळं मोडीत दिलंस, त्यात दट्ट्या गेला. … कुणी कशाला सांगायला हवं? गेल्या दसऱ्याला बाबा दवाखान्यात होते, दुकान बंद. पूजा तू केलीस, वहीत छाप काही घेतला नाहीस. दट्ट्या देवघरातच राहिला. मग देवघर रिकामं झालं.

… नाही विचारलं. काय विचारणार होते? तू तेव्हा जेवत नव्हतीस.

… म्हणून विकायची एवढी घाई होती का? … बरं. बरं, नको सांगू. … रडू नको म्हणत नाही, पण फोन कानाला धरून ठेव. काही ऐकवायचंय.

थांब हं. मशीनजवळ नेतेय. … ही वाफ. … आता दांडा ओढतेय, दोन्ही हातांनी, आपल्याला कधी हात लावू दिला नाही तो. … सोडला.

ऐकलंस? … हो, तोच. वर गेल्यावर दोनदा वाजतो. … हो गं, तसाच. शाळेच्या रिक्षात बसेपर्यंत ऐकू यायचा.

पहिला कप ना? बाबा ओतून द्यायचे, मशीनचा म्हणून. मी नाही ओतला. प्यायले, उभ्यानंच. … कडू. … हो, अगदी.

थांब जरा… कोण? … वामनकाका, या ना. … अगं, शेजारचे घड्याळवाले. दांडा वाजला म्हणून आलेत. … नाही काका, तपासायला नाही, सुरूच झालंय. बसा. … हो, तीच खुर्ची. तुमची बिनसाखरेची ना?

उन्नती, आता ठेवते. तुझ्या पुणेकरांना तू कळव. … काय म्हणजे? सांग, मशीन कामावर आहे. … आणि खंडेनवमीला ये. यंदाही तूच फिरवायचा. … मी कशाला? माझा हात तिरपा जातो.

बरं, ठेवते गं. गिऱ्हाईक थांबलंय.